घरी पिल्लं काढायला छोटा इन्क्युबेटर घेताय? मग आधी हा क्रम पाळा

दिवाळी झाली की गावरान कोंबड्या अंड्यावर येतात आणि मला तेच फोन यायला लागतात. "दादा, मशीन घेतलं, ३० अंडी लावली, ४ पिल्लं निघाली, मशीन खराब आलंय का?" दहातल्या सात-आठ वेळा मशीन ठीक असतं, चुकलेला असतो क्रम. लोक आधी मशीन घेतात, मग अंडी जमवायला लागतात, मग ते कुठं ठेवायचं बघतात आणि लाईट गेल्यावर काय करायचं ते पहिल्यांदा लाईट गेल्यावरच सुचतं. हे सगळं उलट करायचं. खाली कोंबडीच्या अंड्यांचाच हिशोब दिलाय, म्हणजे २१ दिवसांचा. बदकाला २८ दिवस लागतात आणि लाव्ह्याला १७-१८, तेव्हा त्यांना हेच आकडे जसेच्या तसे लावू नका.

## टप्पा १: अंडी मोजा, मशीनची साईज त्यावरून ठरवा

वहीत एक आठवडा रोजची अंडी लिहा. समजा ६ गावरान कोंबड्या आहेत आणि आठवड्याला १८ अंडी येतात. त्यातली बारीक, वेडीवाकडी, तडा गेलेली बाजूला काढली की १४-१५ राहतात. तुमच्या मशीनची खरी गरज तेवढीच. २४ किंवा ३० अंड्यांचं मशीन घेतलंत तरी जागा शिल्लक राहील.

इथंच बहुतेक जण चुकतात, कारण ३० आणि ५६ अंड्यांच्या मशीनमध्ये हजार-पंधराशेचाच फरक दिसतो, मग मोठंच घेऊ म्हणतात, आणि घेतल्यावर ते भरायचं म्हणून पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस अंडी साठवत बसतात. अंडं साधारण ७ दिवसांपर्यंत चांगलं टिकतं, त्यानंतर पिल्लू निघायची शक्यता रोज कमी होत जाते. म्हणजे मोठ्या मशीनमुळं शिळी अंडी लागतात आणि खापर मात्र मशीनवर फुटतं.

काही जण दुसरा मार्ग काढतात, दर आठवड्याला थोडी थोडी अंडी त्याच मशीनमध्ये टाकत राहतात. तेही करू नका. शेवटच्या ३ दिवसांत अंड्यांना जास्त ओलावा लागतो आणि फिरवणं बंद करावं लागतं, सुरुवातीच्या अंड्यांना बरोबर उलटं लागतं. एका डब्यात दोन्ही जमत नाही.

आणि हो, ३० पिल्लं निघालीच तर ठेवणार कुठं ते आजच ठरवा. खोका, बल्ब, तूस, मांजर आत शिरणार नाही अशी जागा, हे सगळं मशीनच्या आधी तयार पाहिजे.

तपासून बघा: कोंबडा आहे का? ८-१० कोंबड्यांमागे १ तगडा कोंबडा लागतो. दुकानातली पोल्ट्रीची अंडी लावून बघणारे अजून भेटतात, ती वांझ असतात, तिथं कोंबडाच नसतो. त्यातून काही निघणार नाही.

## टप्पा २: लाईट किती वेळ जाते ते लिहून काढा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त जण हाच सोडून देतात. गावठाणात घर असेल तर गोष्ट वेगळी, वस्तीवर शेतीच्या लाईनीवर असाल तर गोष्ट वेगळी. एक आठवडा वहीत लिहा, लाईट कधी गेली, कधी आली, रात्री बल्ब मिणमिणतो का.

मिणमिणत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की ६० वॉटचा हीटर जेमतेम ३७ वॉटची ऊब देतो. मशीन चालू दिसतं, दिवा लागलेला असतो, आणि थंडीच्या रात्री आतलं तापमान मात्र हळूहळू खाली येत जातं.

आता बॅकअपचा हिशोब. छोटं मशीन चालू-बंद धरून सरासरी ४० वॉटच्या आसपास घेतं असं समजा. २१ दिवसांचे साधारण २० युनिट होतात, म्हणजे बिलाची भीती बाळगू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर ४० वॉट म्हणजे त्याला काहीच नाही, फक्त मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे ना ते मेन स्विच पाडून बघा, नुसतं वायरमननं सांगितलं म्हणून धरून चालू नका.

इन्व्हर्टर नसेल तर २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट दोन्हीवर चालणारं मशीन शोधा. तुमच्याकडं फवारणीचा बॅटरी पंप असेल तर त्यात बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. कागदावर ती असं मशीन सव्वादोन-अडीच तास ओढेल, प्रत्यक्षात दीड तासच धरा, त्यापुढं ओढलीत तर बॅटरी मरते. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची मोठी बॅटरी असेल तर रात्र निघते.

लाईट तास-दोन तास गेली म्हणून अंडी मरत नाहीत, एवढं मनात ठेवा. कोंबडीसुद्धा दाणा खायला अंड्यावरून उठते. अंडी मरतात ती घाबरून केलेल्या उपायांनी, कुणी झाकण दर पाच मिनिटांनी उघडून बघतं, कुणी आत मेणबत्ती लावतं. झाकण बंद ठेवा, वरून गोधडी टाका. पण १५ दिवसांच्या पुढची अंडी असतील तर हवेची भोकं अजिबात झाकू नका, आतली पिल्लं तोवर श्वासाला हवा मागत असतात आणि त्यांची स्वतःची ऊबही तयार होत असते.

सावधान: १२ व्होल्टची वायर जोडताना लाल-काळी उलटी झाली तर कंट्रोलर, म्हणजे तापमान सांभाळणारा बोर्ड, लगेच जळू शकतो. टेप लावून खुणा करून ठेवा, ही जोडणी तुम्हाला रात्री अंधारात करायची आहे.

## टप्पा ३: जागा

मशीन फक्त ऊब देतं, थंड करता त्याला येत नाही. हे वाक्य विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी दोनदा वाचा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ अंश झालं तर आतही ४२ होणार, हीटर बंद असला तरी. आणि अंड्याला थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते. एप्रिल-मेमध्ये तुमची खोली दुपारी ३५ च्या वर जात असेल तर त्या दोन महिन्यांत बॅच लावूच नका, किंवा घरातली सगळ्यात गार, मातीच्या भिंतीची, मधली खोली निवडा.

बाकी सोपं आहे. खिडकीतलं ऊन नको, चूल-गॅस नको, सीलिंग फॅनचा झोत नको, दाराजवळ नको. जमिनीवरही नको, मुंग्या लागतात. टेबलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत तर तोही प्रश्न मिटतो.

## टप्पा ४: मशीन निवडताना कशानंतर काय बघायचं

बाजारात घरगुती दोन तऱ्हा दिसतात. थर्माकोलच्या खोक्याचं किट, साधारण दीड ते तीन हजारांत, आणि प्लास्टिकचं ऑटोमॅटिक, साधारण चार ते आठ हजारांत. लोक आधी अंड्यांचा आकडा बघतात, मग किंमत, मग ऑटोमॅटिक आहे का. मी सांगतो तो क्रम असा:

पहिलं, पंखा आहे का. पंखा नसलेल्या मशीनमध्ये गरम हवा वर जाऊन बसते, वर-खाली दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ ठेवायचं, बिनपंख्याच्यात अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.५ च्या आसपास धरावं लागतं, आणि ते सांभाळणं नवख्याला अवघड जातं. दोनशे रुपये वाचवायला बिनपंख्याचं घेऊ नका.

दुसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा भाग, किती बारीक चालतो. थर्माकोलच्या किटमध्ये बरेचदा डब्ल्यू-१२०९ नावाचा छोटा १२ व्होल्टचा बोर्ड येतो. बोर्ड वाईट नाही, पण कंपनीतून येताना त्यात दोन गोष्टी अशा असतात की न बदलता लावला तर बॅच गेलीच म्हणून समजा. एक, पी-० सेटिंग थंड करण्यावर म्हणजे सी वर असतं, ते एच वर आणायचं. दोन, पी-१ म्हणजे चालू-बंदमधला फरक, तो २ अंशांवर असतो, म्हणजे ३७.७ ला बंद झालेला हीटर ३५.७ ला चालू होणार. तो ०.१ किंवा ०.२ करा. पी-४ मध्ये प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या टोकाची, चूक दुरुस्त करता येते, ते पुढं लागेल. दुसरा कुठला कंट्रोलर असेल तर घ्यायच्या आधीच विचारा की चालू-बंदचा फरक ०.२ पर्यंत आणता येतो का आणि तापमान दुरुस्त करायची सोय आहे का. दोन्हीला नाही म्हणाले तर सोडून द्या.

तिसरं, ऊब कशानं मिळते. बल्ब असेल तर एकाऐवजी दोन बल्ब पाहिजेत, एक उडाला तर दुसरा रात्र काढतो. पिवळा जुना बल्बच लागतो, एलईडीत ऊब नसते. बल्बच्या जागी हीटर कॉईल किंवा हीटिंग वायर असेल तर जास्त चांगलं, उडत नाही आणि आत सतत उजेडही राहत नाही.

चौथं, अंडी कशी फिरतात. रोलरचे मशीन, तिरकस होणारे ट्रे आणि खाचांची सरकती जाळी, असे तीन प्रकार मिळतात. आपली गावरान अंडी बारीक असतात, ४० ते ४५ ग्रॅमची, आणि बऱ्याच रोलरचं अंतर मोठ्या पोल्ट्री अंड्यांवरून ठरलेलं असतं, मग बारीक अंडं मधल्या फटीत रुतून बसतं, मोटर फिरते आणि अंडं तिथंच. रोलर मागं-पुढं सरकवता येतात का ते विचारा. अजिबात ऑटोमॅटिक नसलेलंही चालेल, पण मग दिवसातून ३ किंवा ५ वेळा हातानं फिरवायची तयारी पाहिजे. विषम आकडा अशासाठी की रात्रभर रोज एकच बाजू वर राहू नये. फिरवलं नाही तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. घरात दिवसभर कुणी नसेल तर हातानं फिरवायचं मशीन घेऊ नका, पहिले चार दिवस होतं आणि मग राहून जातं.

पाचवं, पाणी बाहेरून घालता येतं का. झाकण न उघडता नळीनं किंवा बाजूच्या भोकातून पाणी घालता आलं पाहिजे. शेवटच्या तीन दिवसांत ह्या एका सोयीवर पिल्लं वाचतात.

सहावं, मोडलं तर काय. पंखा, मोटर, कंट्रोलर तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आहेत का? १२ व्होल्टचा साधा पंखा असेल तर कुठंही मिळतो. सगळं एकाच सीलबंद झाकणात बसवलेलं असेल आणि पार्ट फक्त कुरिअरनं येणार असतील तर बॅच चालू असताना ते तुमच्या कामाचं नाही.

आणि मग शेवटी अंड्यांचा आकडा. तो आपण पहिल्या टप्प्यात ठरवलाच आहे.

तपासून बघा: पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याकडून चालू मशीनचा व्हिडिओ मागा, आत दुसरा थर्मामीटर ठेवून काढलेला. फक्त डिस्प्लेचा फोटो पाठवत असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

## टप्पा ५: अंडी न ठेवता ४८ तास चालवा

माझी पहिली बॅच इथंच गेली. ३० अंडी, डिस्प्ले २१ दिवस ३७.७ दाखवत होता, मी दिवसातून दहा वेळा बघायचो आणि निर्धास्त असायचो. बाविसाव्या दिवशी काही नाही, तेविसाव्या दिवशी ४ पिल्लं निघाली, पोटं मऊ सुजलेली, पायावर नीट उभी राहीनात, त्यातली २ संध्याकाळपर्यंत गेली. नंतर मोजलं तर आत ३६.४ होतं. सव्वा अंशाची चूक. जिथून घेतलं त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता, कारण मीच ते तपासलं नव्हतं.

तेव्हापासून असं करतो. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, तो ह्याच पट्ट्यात अचूक असतो. स्टीलच्या ग्लासात कोमट पाणी घ्या, बोट घातलं तर ना गार ना गरम वाटावं असं. मशीनचा प्रोब आणि थर्मामीटरचं टोक शेजारी-शेजारी धरा, चमच्यानं हलवत राहा, नाहीतर ग्लासात वर-खाली वेगळं तापमान असतं. थर्मामीटर बीप वाजवेल तेव्हाच डिस्प्लेचा आकडा वाचा. तापाचा थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असेल तर ९९.५ म्हणजे ३७.५ आणि १०० म्हणजे ३७.८. पाणी थोडं बदलून तीन वेळा करा. तिन्ही वेळा प्रोब एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढी दुरुस्ती सेटिंगमध्ये करा. पाण्यात प्रोबचं फक्त धातूचं टोक बुडवायचं, वायरचा जोड नाही.

मग मशीन तिच्या ठरलेल्या जागेवर ठेवा, अंड्यांच्या जागी पाणी भरलेल्या छोट्या बाटल्या ठेवा आणि चालू करा. रिकाम्या मशीनचं तापमान उगाच उड्या मारतं, बाटल्या ठेवल्या की खरं वागणं कळतं. दुसरा एखादा छोटा थर्मामीटर घेऊन तो चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी अर्धा-अर्धा तास ठेवा, आकडे लिहा. कोपऱ्या-कोपऱ्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंख्याचं तोंड थोडं फिरवा किंवा हीटरपुढं पत्र्याचा छोटा आडोसा लावा. प्रोब अंड्याच्या उंचीला हवेत लटकता पाहिजे, भिंतीला टेकलेला नको, हीटरसमोर तर नकोच.

ओलावा मोजणारा हायग्रोमीटरही तपासायचा. छोट्या वाटीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि हायग्रोमीटर घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ८२ दाखवला तर तो ७ जास्त सांगतो, एवढं त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहून टाका.

शेवटी एकदा मुद्दाम मेन स्विच पाडा आणि बॅकअपवर दोन तास चालवा. लाईट परत आल्यावर मशीन आपोआप त्याच सेटिंगवर चालू होतं का ते बघा. काही मशीन पुन्हा बटण दाबेपर्यंत गप्प बसतात.

सावधान: ह्या ४८ तासांत रात्री आणि दुपारी तापमानात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडत असेल तर अंडी लावू नका. जागा बदला, खोक्याला बाहेरून आणखी एक थर्माकोल लावा, आणि परत ४८ तास.

## टप्पा ६: अंडी निवडणं

७ दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ. अंडी धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात, शेण लागलेलं अंडं सरळ खायला वापरा. फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. निमुळतं टोक खाली करून गार खोलीत, ट्रेमध्ये. अंडी लांबून एसटीनं किंवा बाईकवर आणली असतील तर १२ ते २४ तास तशीच स्थिर राहू द्या, मग लावा. कडकनाथची अंडी महाग पडतात, म्हणून पहिली बॅच घरच्या गावरान अंड्यांचीच लावा.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा आणि तारीख. आणि सगळ्या अंड्यांचं मिळून वजन किचनच्या काट्यावर करून लिहून ठेवा, हे पुढं फार उपयोगी पडतं.

## टप्पा ७: पहिल्या दिवसापासून अठराव्यापर्यंत

दिवस मोजण्यात लोक एक दिवस चुकतात. लावलेला दिवस शून्य धरा. रविवारी संध्याकाळी लावली तर तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी फिरवणं बंद आणि तिथून पुढच्या रविवारी पिल्लं.

ओलावा ४५ ते ५५ टक्के. इथं पुस्तकातला सल्ला, "पाण्याची वाटी भरून ठेवा", सगळीकडं चालत नाही. आमच्या मावसभावाचं गुहागरला घर आहे, जुलैत तिथं हवा २७ अंश आणि ८५ टक्के ओली. ती हवा मशीनमध्ये जाऊन ३७.६ ला तापली की एक थेंब पाणी न ठेवता आपोआप ४७ टक्क्यांच्या आसपास येते. तो बिचारा दोन वाट्या भरून ठेवायचा आणि शेवटी पिल्लं आतल्या आत पाण्यात गुदमरायची. वाट्या काढल्या आणि फरक पडला. उलट आमच्या माण-खटावला कोरड्या दिवसांत एका वाटीनं काही होत नाही, दोन पसरट ताटल्या लागतात. पाणी किती खोल आहे त्याला महत्त्व नाही, वरचा पसारा किती आहे त्याला आहे.

नक्की काय चाललंय ते वजन सांगतं. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के कमी व्हायला पाहिजे. ४२ ग्रॅमची ३० अंडी म्हणजे १,२६० ग्रॅम, तर सातव्या दिवशी ६० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी १५० ग्रॅमच्या आसपास घटलेलं हवं. सातव्या दिवशी ३५ ग्रॅमच घटलं असेल तर पाणी कमी करा, ९० घटलं असेल तर वाढवा. मध्ये काही अंडी काढली तर त्यांचं वजन हिशोबातून वजा करायला विसरू नका.

सातव्या दिवशी रात्री अंधार करून अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडा, खाली मोबाईलचा टॉर्च, वर अंड्याचं जाड टोक. आत मध्यभागी काळा ठिपका आणि त्याच्यापासून सगळीकडं पसरलेल्या बारीक लाल नसा दिसल्या, आणि ठिपका हलकासा हलला, तर जीव आहे. पूर्ण स्वच्छ पिवळं दिसलं तर वांझ. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलेलं. शंका असेल तर राहू द्या आणि चौदाव्या दिवशी परत बघा, गडद कवचाच्या अंड्यात लवकर कळत नाही. रोज रोज काढून बघू नका.

तपासून बघा: एक तृतीयांशाहून जास्त अंडी वांझ निघाली तर मशीनचं सेटिंग बदलू नका. दोष कोंबड्याकडं किंवा शिळ्या अंड्यांकडं आहे.

## टप्पा ८: शेवटचे ३ दिवस

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. रोलर किंवा सरकती जाळी काढून घ्या, पिल्लाचा पाय त्यात अडकतो. खाली खरखरीत कापड किंवा जाळी पसरा, वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. ओलावा ६५ ते ७० टक्के करा. हवेची भोकं पूर्ण उघडी. तापमान तेच.

मग झाकण बंद म्हणजे बंद. कवचाला पहिली टोच मारल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. ह्या वेळात ते थकून गप्प बसतं, चिवचिव थांबते, आणि आपल्याला वाटतं मेलं. ते मेलेलं नसतं, आतला उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. तुम्ही झाकण उघडलंत की ओलावा एका क्षणात खाली येतो आणि टोच मारलेल्या बाकीच्या अंड्यांचा पडदा वाळून पिल्लाला आवळून बसतो. एकाला मदत करायला जाऊन पाच घालवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या काकूंनी कवच सोलून पिल्लू मोकळं केलं, पोटाशी नस अजून ओली होती, हातातच रक्त आलं आणि ते गेलं. म्हातारी दोन दिवस जेवली नाही नीट.

बाहेर आलेलं पिल्लू मशीनमध्ये २४ तास राहिलं तरी चालतं, पोटातला बलक त्याला पुरतो. पीस सुकून फुलली की एकदम सगळी काढा, तयार ठेवलेल्या ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्ब लावलेल्या खोक्यात, सोडा. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. सगळी बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, सगळी कडेला पळाली तर ऊब जास्त होतेय. पहिल्याच दिवशी प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पहिल्याच आठवड्यात लागते, ती पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, बाटली बर्फातून आणावी लागते आणि उघडली की लगेच संपवावी लागते.

## टप्पा ९: न फुटलेली अंडी फोडून बघा

तेविसाव्या दिवशी जी राहिली ती उकिरड्यावर टाकायच्या आधी घराबाहेर नेऊन एकेक फोडा. वास येतो, पण पुढच्या बॅचमध्ये नक्की काय बदलायचं ते ह्यातूनच कळतं.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, आजूबाजूला पाणी, अंगाला चिकट द्रव: १८ दिवसांत ओलावा जास्त झाला. टोच मारलेली पण पडदा वाळून पिल्लाला चिकटलेला: शेवटी ओलावा कमी पडला किंवा झाकण उघडलं गेलं. पिल्लं १९-२० व्या दिवशीच निघाली आणि बेंबीला रक्त: तापमान जास्त. २२-२३ व्या दिवशी निघाली, मऊ सुजलेलं पोट: तापमान कमी. पहिल्या आठवड्यातच मेलेली बरीच: शिळी अंडी, प्रवासात हादरलेली, किंवा सुरुवातीला मशीन तापलं होतं. फक्त एकाच कोपऱ्यातली अंडी गेली असतील तर पंखा बघा, म्हणून तर अंडी लावतानाच ट्रेमधली जागा लिहून ठेवायची.

मग मशीन उघडून धुवा, पंख्याच्या पात्यांत पिलांची लव अडकते ती जुन्या ब्रशनं काढा, मोटर आणि बोर्डाला पाणी लागू देऊ नका, खोकं उन्हात कडक वाळवा. आणि धुताना प्रोब हलतोच, त्यामुळं पुढच्या बॅचच्या आधी परत स्टीलचा ग्लास, कोमट पाणी आणि तो तापाचा थर्मामीटर काढा.